शांताबाईंची पहिली सही

समजा, तुम्हाला एक वायर कापायची आहे. टेस्टर लावला, त्यातला दिवा लागला नाही. म्हणजे वायरीत करंट नाही? थांबा. आधी तोच टेस्टर चालू सॉकेटला लावून बघा. तिथेही दिवा लागला नाही, तर बिघाड टेस्टरमध्ये आहे, आणि तुम्ही जिवंत वायर कापायला निघाला होतात.

काशीनाथ मेश्राम इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात एकोणीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवत. पुढे शेजारच्या गावात ते लेबर पक्षाचे कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, झाले आणि सव्वीस वर्षं निवडून येत राहिले. तिथेही सवय तीच. एखाद्या इमारतीतून बरेच दिवस तक्रार आली नाही, की ते स्वतः जाऊन दारं वाजवत. म्हणत, "सगळे सुखात आहेत असं कागद म्हणतो. पण कागद तपासायला नको?"

दर निवडणुकीला त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही शांताबाई गजभियेंची. त्या नवव्या मजल्यावर एकट्या राहतात. रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांत आधी त्याच पोचायच्या.

यंदा मार्चअखेर काशीनाथ अर्ज घेऊन गेले, तर लिफ्ट बंद. जिने चढताना तीनदा थांबावं लागलं.

"या, कौन्सिलरसाहेब," शांताबाई दारातच म्हणाल्या. "खुर्चीत बसून बसून गुडघे विसरलात वाटतं."

"लिफ्ट कधीपासून बंद आहे, ताई?"

"अकरा आठवडे झाले. खालची रूपाली सामान आणून देते."

काशीनाथ खाली बसले. नोव्हेंबरच्या कौन्सिल बैठकीत, तेव्हा कशीबशी चालू असलेल्या या लिफ्टची दुरुस्ती एक वर्ष पुढे ढकलायला त्यांनीच हात वर केला होता. इमारतीतून एकही तक्रार नव्हती. त्या वेळी मात्र ते दारं वाजवायला आले नव्हते. विहारात ताईंची जागा रिकामी दिसली, तेव्हा थंडी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"ती दुरुस्ती मीच पुढे ढकलली, ताई."

"माहीत आहे. रूपालीने कौन्सिलचं पत्रक वाचून दाखवलं." त्यांनी चष्मा लावला, अर्ज पुढे ओढला आणि नेहमीच्या जागी सही केली.

"मग मला एक फोन का नाही केलात?"

"चहा घ्या. साखर घातली नाही हं, डॉक्टरने बंद केलीय ना तुमची?"

अर्ज भरायची मुदत संपली, तेव्हा तो कागद त्यांच्या कोटाच्या खिशातच होता. एप्रिलमधल्या आपल्या शेवटच्या बैठकीत त्यांनी लिफ्टचा विषय पुन्हा मांडून मंजूर करून घेतला. मे महिन्यातल्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. जूनमध्ये लिफ्ट सुरू झाली.

आता दर मंगळवारी ते त्या लिफ्टने वर जातात. चहा होतो, विहारातल्या बातम्या होतात. एक प्रश्न मात्र दर वेळी ओठांपर्यंत येऊन परत जातो. ताई, अकरा आठवडे तुम्ही गप्प राहिलात ते माझ्यावर भरवसा होता म्हणून, की तो केव्हाच उडाला होता म्हणून?