बाटल्यांचं पान

“आजी, कोणतं औषध फवारत होता?” डॉक्टरने तिसऱ्यांदा विचारलं. माझा मुलगा खाटेवर होता. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

“बाटली कुठे आहे?”

“जाळली.”

जाळली, कारण आमच्याकडे रिकामी बाटली ठेवत नाहीत. पोरं तिच्यात पाणी भरून नेतात. मुलगा पंप पाठीवर घेऊन पराटीत, कपाशीच्या वावरात शिरला आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर काडीकचऱ्यात बाटल्या टाकून पेटवल्या. दोन होत्या. दोन औषधं एकत्र कालवली होती, सगळेच कालवत. नावं इंग्रजीत. मी चौथी शिकलेली. पण बुचांचे रंग आणि चिठ्ठीवरची चित्रं माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्यासाठीच माझ्या सुनेने पान केलं होतं. ती आर्णीला कम्प्युटर सेंटरवर कामाला. त्या हंगामात फवारणीची माणसं विष चढून पडायला लागली, तेव्हा तिने दुकानांत फिरून बाटल्यांचे, बुचांचे, चिठ्ठ्यांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ज्याला वाचता येत नाही त्याने बोट ठेवावं, खाली नाव लिहिलेलं. सेंटरवर मी पाहिलं होतं, झटकन उघडत होतं.

मुलगा पडला तेव्हा ती सेंटरवरच होती, निघाली होती, बस मिळायची होती. दवाखान्यात मी मोबाइलवर तिचं पान उघडलं. नुसते पांढरे चौकोन. एक बूच आलं, लाल. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं, तेही आमचं नव्हतं. डॉक्टर माझ्या खांद्यावरून पाहत होता, मग तो खाटेकडे गेला. त्याला जमेल ते त्याने केलं.

सून पोचली तेव्हा तिचा नवरा गेला होता. पान उघडलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाला नाही.

तेराव्यानंतर ती घरीच मोबाइल घेऊन बसली. मी विचारलं, “काय करून राह्यली?”

“पाहून राह्यली, आत्याबाई, का नाही उघडलं ते. पान एकेक फोटो वेगळा मागते. जितके फोटो तितक्या फेऱ्या. तिथं दवाखान्यात धड रेंज नाही, एकेक फेरी अडकली.”

“इतकी शिकली तू. एकेक बोंड तोडून धुऱ्यावर नेते का कोणी? पदराची ओटी बोंडांनी भरते, मग एकदाच नेते.”

“तवाच सांगाचं होतं मग.”

“मले काय मालूम तुह्या मोबाइलात फेऱ्या होतात म्हनून.”

ती हसली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती सेंटरवर गेली. सगळे फोटो बारीक करून तिने एकाच मोठ्या फोटोत ओळीने बसवले. पान आता तो एकच फोटो मागवतं, एकाच फेरीत. मग प्रत्येक चौकोनात त्यातला तेवढाच तुकडा दिसतो. वरून किती आणि डावीकडून किती, ते ती आधी वहीत लिहून घ्यायची. आठ दिवस लागले. मग तिने मला गावाबाहेर नाल्यावर नेलं, जिथे रेंज धड येत नाही, आणि मोबाइल माझ्या हातात दिला. क्षणभर सगळं पांढरं होतं, मग सगळ्या बाटल्या एकदम आल्या. आमच्या दोन्ही त्यात होत्या. मी बोट ठेवून दाखवल्या.

त्याच हंगामात शेजारच्या शेतातला सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, फवारताना पडला. त्याच्या बायकोने बाटली नाल्यात फेकलेली. मी सोबत गेले, त्याच दवाखान्यात. पान उघडून तिच्यासमोर धरलं. “हे, निळ्या बुचाचं,” ती म्हणाली. डॉक्टरने नाव वाचलं आणि आत गेला.

सालदार वाचला. माझा मुलगा नाही. घरात आता मी आणि सून.