तिन्ही लाइन ओपन

हे लिहायला मी बसलो आहे खरा, पण लिहिणं माझं काम नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील शिंपी, आई त्यांना काजं-बटणं करून देई. घरात पत्र लिहायचं झालं तरी शेजारच्या मास्तरांना बोलवत. त्यामुळे चार ओळी वाकड्यातिकड्या झाल्या तर सांभाळून घ्यावं. सांगायचं मात्र आहेच. तेव्हा बोलायला हवं होतं आणि मी बोललो नाही.

मी सिंगापूरला स्कॉलरशिपवर इलेक्ट्रिकल शिकत होतो. तिसऱ्या वर्षी तिथल्याच आंग मो किओ भागातल्या एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. तिचा शेरा वाईट आला, तर स्कॉलरशिप बंद. कंपनी थंड देशांसाठी स्मार्ट थर्मोस्टॅट बनवायची. तिकडे फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवतात. खोली गार झाली की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडतो, पंप चालू करतो आणि फरशी गरम होते. सिंगापुरात गरम फरशी कोणाला हवी! पण चाचणीसाठी आमच्याकडे दारापेक्षा थोडी मोठी अशी एक फरशी होती, तीन पाइप आणि तीन व्हॉल्व्ह असलेली. थर्मोस्टॅटला थंडी वाजावी म्हणून मी कँटीनमधून ग्लासभर बर्फ आणायचो आणि सेन्सर त्यात बुडवून ठेवायचो.

ते सगळं एका वयस्क मराठी टेक्निशियनच्या हाताखाली होतं; त्यांना मी काका म्हणायचो. काका रत्नागिरीकडचे. पंचवीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून गुडघ्यांमुळे जमिनीवर आलेले. चाचणी सुरू झाली की बूट काढून त्या फरशीवर उभे राहायचे.

"काका, चाचणी चालू आहे," मी म्हणायचो.

"माझीपण चालू आहे. डावा गुडघा पास, उजवा अजून नापास."

दुसऱ्या दिवशी परदेशातले ग्राहक फरशी बघायला येणार होते. दुपारी काका डबा घेऊन निघाले आणि दारातून म्हणाले, "नुसता पंप तासभर चालवून बघ. थेट विजेला जोड त्याला. आणि तिन्ही लाइन ओपन ठेव हां."

आमच्या गावात लाइन म्हणजे वीज. लाइन आली, लाइन गेली. आणि आम्हाला शिकवलेलं, की ओपन म्हणजे तुटलेलं सर्किट. मला वाटलं, पंप एकटाच तपासायचाय, म्हणून व्हॉल्व्हना जाणारी वीज तोडायला सांगताहेत. मी तिन्ही व्हॉल्व्हच्या तारा सोडवल्या, पंप चालू केला आणि जेवायला गेलो.

काकांची लाइन म्हणजे पाइप. ओपन म्हणजे पाणी वाहतंय. आमचे व्हॉल्व्ह वीज नसली की मिटून बसणारे. बंद व्हॉल्व्हवर पंप तासभर डोकं आपटत राहिला. परत आलो तेव्हा पंप जळाला होता, सांधा सुटून गरम पाणी उडालं होतं, खालचा कंट्रोल बोर्ड भिजून गेला होता.

मॅनेजर धावत आला. सुटलेल्या तारांकडे बघून म्हणाला, "हू डू धिस वायरिंग? अंकल, सो मेनी इयर्स ऑलरेडी, हाऊ कॅन लाह?"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे न बघताच मराठीत म्हटलं, "तू गप. तुझा शेरा यायचाय अजून." मग त्याला म्हणाले, "माय मिस्टेक, बॉस."

मी गप्प बसलो. एवढंच. मनाशी म्हटलं, शेरा आला की सांगू. शेरा उत्तम आला. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली तेव्हा कळलं, की काकांचा वर्क पास, म्हणजे तिथे काम करायचा परवाना, रिन्यू झालेला नाही आणि ते गावी चाललेत. कशामुळे, ते कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटत होती.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. ते बांगड्याचं कालवण करत होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी तारा..."

"अरे, चूक माझीच. तुझ्यासारख्याला लाइन म्हटलं की वीजच आठवणार. जेव आता."

मी जेवलो. दोनदा भात घेतला.

त्यानंतर चार वर्षं गेली. मला सिंगापुरातच, क्वीन्सटाउन भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली. काकांचा नंबर फोनमध्ये होता. दर दिवाळीला काढून बघायचो आणि ठेवून द्यायचो. गेल्या महिन्यात आमच्याकडे रत्नागिरीचा एक टेक्निशियन नव्याने लागला. काम करता करता मी त्याला "लाइन ओपन कर" म्हटलं, तर तो हसायलाच लागला.

"पाण्याची की विजेची, ते आधी सांगा. आमच्या आयटीआयला एक सर येतात, जहाजावरचे. पहिल्याच तासाला हेच फळ्यावर लिहितात. सिंगापुरात त्यांनी एका मुलाला धड सांगितलं नाही, पंप जळाला म्हणे. त्यातच नोकरी गेली त्यांची."

"आणि तो मुलगा?" मी विचारलं.

"मुलगा हुशार होता म्हणतात. त्याची काही चूक नव्हती."