फ्लॉपीवरचं कुंकू

आमच्या कडावच्या घरात कॉम्प्युटर आला तो टेंपोतून, पेंढ्यात गुंडाळून. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात होता. तिथं नवी यंत्रं आली, म्हणून त्यानं जुनं मागून घेतलं, माझ्यासाठीच. तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवं होतं आणि सोमवारी परीक्षा होती. चूल आणि गोठा यांत माझा जीव नुसता आंबला होता. ही नोकरी मला हवीच होती.

पण डबडं चालता चालता अडकायचं. पोटात कारखान्याचा सगळा जुना कचरा! ऑफिसातल्या जाणत्या माणसानं नवऱ्याला सांगितलं, "सगळं पुसा आणि सिस्टीम पहिल्यापासून भरा." दोन फ्लॉप्या दिल्या. पहिलीनं पुसायचं, दुसरीनं भरायचं. आणि तो जाणता गेला रजेवर त्याच्या गावाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसले. पहिली फ्लॉपी यंत्रातच होती. सगळं जाईल, चालेल का, असं पडद्यानं इंग्रजीत विचारलं. म्हटलं, जा बाई एकदाचं! यंत्र बराच वेळ कुरकुरलं, मग गप्प झालं. दुसरी उचलली आणि उजेडात धरली. फ्लॉपीच्या ज्या खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसते, जिथं बोटसुद्धा लावायचं नसतं, नेमकं तिथंच कुंकू! दसऱ्याला नांगर-कोयत्याची पूजा करताना सासूबाईंनी यंत्राला झेंडू वाहिला होता आणि बाहेर राहिलेल्या फ्लॉपीला भिजवलेलं कुंकू.

तशीच घालून पाहिली. यंत्र नुसतं खरखरलं. सासूवर ओरडायची सोय नव्हती, म्हणून नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "संपलं आता. दे भंगारात." मग मी रडलेच, मोठ्यानं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. चेहरा एवढासा झालेला. काळ्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, "समदं पुसलंस ना? मंग झालं की. पालापाचोळा जाळून राब भाजला का जमीन काळीच दिसते गं. त्याबिगर रोप धरत नाय."

"आई, पण बियाणंच बाटलं."

"मंग धू. बियाणं आमी धूतूच की."

नवरा हसला. मला मात्र राग आला होता, आणि रागात मला काहीही सुचतं. फ्लॉपी तशीही मेलेलीच होती. कात्रीनं कड कापली, चकती बाहेर काढली. सासूबाईंनी ती गार पाण्यात धरली, मऊ धोतराच्या फडक्यानं हलकेच टिपली, बाळाला टिपतात तशी. यंत्राबरोबर आलेली एक कोरी फ्लॉपी कापून तिचं पाकीट मी कोरड्या चकतीला घातलं.

यंत्र खरखरलं. थांबलं. पुन्हा खरखरलं. आणि भरायला लागलं! शेवटी काळ्या पडद्यावर एक हिरवं अक्षर उगवलं, शेजारी उघडझाप करणारी रेघ. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बया, कोंब आला!"

दोन दिवस मी जेवायचंसुद्धा विसरून सराव केला.

सोमवारी निघाले तेव्हा सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या. बोट कुंकवात बुडवलं, माझ्या कपाळापर्यंत आणलं आणि हवेतच थांबवलं.

"हितं चालंल ना गं?"

मी कपाळ पुढं केलं.

"लावा आई," मी म्हणाले, "चांगलं ठसठशीत लावा."