दारात ठेवलेला फोन

गोटीरामभाऊंनी आयुष्यभर नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या. आत जाताना खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवायचं, स्वतःचा एक रुपयाही आत न्यायचा नाही, ही तिथली शिस्त. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. आमच्याकडे जेवायला आले की पाकीट आणि फोन चपलांच्या स्टँडवर.

"भाऊ, इथे कोण झडती घेणार आहे?" मी विचारायची.

"ताई, वरणात पाकीट पडलं तर नाव तुमचं खराब."

जेल रोडवरचं त्यांचं गॅरेज रिकामं पडलं होतं. माझ्या लेकीने, वैष्णवीने मागितलं आणि त्यांनी भाडं न घेता दिलं. तिथे तिने आणि तिच्या मित्रांनी हॅकरस्पेस काढलं. कुणीही यावं, सोल्डरिंग शिकावं, प्रोग्रॅम लिहावेत. भाऊ घरी एकटेच. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. पुढे पोरांनी थ्रीडी प्रिंटरसाठी जमवलेली वर्गणी बिटकॉइनमध्ये ठेवली. वैष्णवी, तिचा मित्र हुजैफा आणि भाऊ, तिघांनी आपापल्या फोनवरून होकार दिला तरच ती निघणार. "आता न छापलेल्या पैशाचाही रखवालदार झालो," असं भाऊ कॉलनीभर सांगत फिरले.

या शनिवार-रविवारी तिथे डिजिटल चलनावर मेळावा होता. मी पोहे घेऊन गेले होते. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले, फोन दारातल्या टेबलावर ठेवला आणि पुढच्या रांगेत बसले. बिटकॉइनचं नवीन वॉलेट, म्हणजे फोनमधलं पाकीट, कसं उघडतात ते दाखवायला पाहुण्या वक्त्याला फोन हवा होता. हुजैफाने टेबलावरचा उचलून दिला. "जुनाच दिसतोय, चालेल." त्याला लॉक नव्हतं. वक्त्याने त्यातलं आधीचं वॉलेट पुसून टाकलं. आपलाच फोन आहे हे न ओळखून भाऊंनी टाळ्या वाजवल्या.

भाऊंच्या फोनचा होकार गेला आणि वर्गणी कायमची अडकली. पुसलेलं वॉलेट परत आणणारे बारा शब्द आधीच कागदावर उतरवून ठेवायचे असतात. भाऊंच्या फोनचे शब्द उतरवायचं काम वैष्णवीचं होतं. तिने ते केलंच नव्हतं. आणि तीच भरल्या गॅरेजात त्यांना म्हणाली, "काका, फोन दारात ठेवतं का कुणी? एवढीही अक्कल नाही?"

"पैशाच्या कामाला बसताना आत नेत नाहीत, बाळा," एवढं बोलून भाऊ निघून गेले.

त्यांच्या शेजारी बसून मी हे ऐकलं. माझी पोटची पोर, इंजिनिअर झालेली, स्वतःची चूक एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर टाकत होती. वक्त्याला एक शब्द नाही, हुजैफाला नाही.

रात्री ती जेवायला बसली. मी ताट वाढलं नाही.

"आई, अगं मी उद्या सॉरी म्हणते ना त्यांना."

"अपमान आज केलास. ऊठ."

भाऊंच्या घरी गेली, आणि लगेच परत आली. भाऊंनी दार उघडलं, पाणी दिलं, ते रागावलेही नव्हते. "गॅरेज तुमचंच आहे, वापरा. मला मात्र आता कशात धरू नका," म्हणाले.

वैष्णवी रडून झोपली आहे. मी तिची समजूत काढलेली नाही. उद्या संध्याकाळी गॅरेजातली भाऊंची खुर्ची रिकामी असेल, आणि ती तिला रोज दिसायला हवी.