बिनतिखटाचा खिमा

माझे सासरे आमच्या नागपूरच्या फ्लॅटवर राहायला आले ते गालाचं ऑपरेशन झाल्यावर. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आणि आयुष्यभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी उजव्या जबड्याचा तुकडा, त्या बाजूचे दात आणि गालाच्या आतला बराचसा भाग काढून टाकला. मग रेडिएशन झालं. आमच्याकडे त्याला सगळे शेकच म्हणतात. शेक संपले तेव्हा त्यांच्या तोंडात चहाचा चमचा कसाबसा जात होता. लाळ सुटत नव्हती, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बोलणं असं झालं होतं, जशी शब्दांची टोकं कोणीतरी घासून काढावीत.

मी त्यांना मामाजी म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं बोलणं कधी 'चहा ठेवू का' आणि 'गाडी कितीची आहे' याच्या पुढे गेलं नव्हतं. गावी गेले की मी डोक्यावर पदर घेऊन आत आणि ते बाहेर. आता मात्र सकाळी नवरा ऑफिसात गेला की दिवसभर घरात आम्ही दोघंच. शाळेच्या नोकरीतून मी त्याच उन्हाळ्यात मोकळी झाले होते.

माझा नवरा बापाशी वाईट वागायचा नाही. दवाखाना, रिपोर्ट, औषधं, सगळं तोच बघायचा. पण त्यांच्यासोबत जेवायला बसत नव्हता. गावी गेला तरी ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा. याचं कारण मला माहीत होतं आणि मामाजींना माहीत नव्हतं.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा माझा नवरा मनाशी नवस बोलला होता, की आई बरी झाली तर जन्मात मटणाला हात लावणार नाही. आई बरी झाली नाही. त्याने नेम मात्र सोडला नाही. तेरवी आटोपून थोडे दिवस झाले असतील, हा गावी गेला तर बागेतून मटणाचा वास आला. मामाजी चुलीवर मोठं पातेलं चढवून स्वतः ढवळत बसले होते आणि भोवती गडीमाणसं. मामाजींच्या हातचं मटण त्या सगळ्या पट्ट्यात प्रसिद्ध. कोणाची सोयरीक असो की विहिरीला पाणी लागलेलं असो, चुलीपाशी तेच. पण त्या दिवशी ते बघून माझा नवरा आल्या पावली परत फिरला. बापाला एक शब्द विचारला नाही. मला मात्र त्याने सगळं सांगितलं, एकदाच, आणि नंतर तो विषय कधी काढला नाही.

आमच्या घरी मामाजींना सुरुवातीला मी गुरगुट्या भात, वरण, पेज असंच देत होते. ते दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे. वजन उतरत चाललं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं, प्रोटीन गेलंच पाहिजे. अंडी, डाळी, चालत असेल तर मटण-चिकन, पण मऊ आणि बिनतिखट. घरी येताना रिक्षात मामाजी मला काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं बारीक कापल्यासारखी चालवून दाखवली.

"खिमा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागले, जणू काही मागितलंच नाही.

आमच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नव्हतं. मी माहेरी गेले की खायला मिळायचं, तेवढं पुरे होतं. संध्याकाळी मी नवऱ्याला बाईंचं म्हणणं सांगितलं. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाल्कनीत कर." दुसऱ्या दिवशी येताना एक छोटी शेगडी आणि पसरट लोखंडी कढई घेऊन आला. कढई त्याने स्वतः घासून, तेल लावून, बाल्कनीतल्या फळीवर ठेवली.

पहिला खिमा फसला. मी नुसतं आलं-लसूण, कांदा, हळद घालून केला होता. शिजला छान, पण त्याचा दाणा दाणा सुटा. धडधाकट माणूस जिभेने घास गोळा करतो हे आपल्या लक्षातही नसतं. मामाजींची जीभ ते करू शकत नव्हती. दाणे तोंडभर पसरले, एक घशाकडे गेला, आणि असा ठसका लागला की मी घाबरून शेजारच्यांना हाक मारणार होते. ठसका थांबल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "मसाला नाई, तर्री नाई. दवाखान्यातलंच औषध वाटून राहिलं."

ते वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं. आम्ही दोघंही हसलो.

घास धरून ठेवेल असं काहीतरी त्यात हवं होतं. बटाटा घातला तर चिकट झालं. पाव घातला तर त्यांनी तोंड फिरवलं. मग मला छोले सुचले. छोले रात्रभर भिजवून, कुकरमध्ये पार गळेस्तोवर शिजवून, ठेचून खिम्यात मिसळले तर? मी सांगितलं तेव्हा मामाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या बागेत नारळ लावायला निघाले आहे.

"मटनात चने? काहून वं बाई, मटन महाग झालं का?"

"मामाजी, एकदा बघा तर."

बघितलं, आणि जमलं. खिमा मी खाटकाकडून दोनदा बारीक काढून आणू लागले. छोल्यांची सालं घशात अडकायची, म्हणून ती काढायचं काम मामाजींनी आपल्याकडे घेतलं. सकाळच्या उन्हात बाल्कनीत खुर्ची टाकून ते एकेक छोला दोन बोटांत दाबायचे आणि साल ताटलीत टाकायचे. बागेतल्या माणसाला हातांना काम लागतंच. तिथूनच ते मला शिकवायला लागले. सुकं खोबरं आधी काळपट भाज, खसखस वेगळी भाज, दगडफूल शेवटी, नाहीतर कडू येते. कांदा घाई करून भाजू नको. वाटण बोटाला लागता कामा नये इतकं बारीक पाहिजे. तिखट चालत नाही म्हणून लवंग-मिरीही बंद. पण दगडफूल, खसखस आणि वरून चमचाभर जवसाचं तेल एवढ्यावर गावाकडचा वास यायचा. रंग मात्र येत नव्हता आणि पांढरट खिमा बघून त्यांची भूक मरायची. एक दिवस मी बीटाचा तुकडा किसून कांद्याबरोबर परतला. कढईत लाल तेल सुटलं. मामाजी खुर्चीतून उठून बघायला आले.

"बनेल हायस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

हळूहळू मला त्यांचं सगळं बोलणं कळायला लागलं. नवऱ्याला कळायचं नाही, डॉक्टरांनाही नाही. मीच मधे सांगायची. खिमा घालण्याआधी त्याच कढईतले मसाल्यातले थोडे छोले मी बाजूला काढायची आणि आत नेऊन तिखटाची फोडणी देऊन, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरून नवऱ्यासाठी ठेवायची. मामाजी दुपारी बाल्कनीत जेवायचे, नवरा संध्याकाळी टेबलावर. वाटण एकच. "हे छोले मस्त होतात अलीकडे," नवरा एकदा म्हणाला. मी म्हटलं, "मामाजींनी शिकवलं." त्याने पुढचा घास घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

वजन थोडं चढलं. मामाजी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीला गावी जायचं बोलू लागले. मला म्हणायचे, तूही चल, चुलीवर करून घालतो, तुह्यासाठी तिखटाचं. अशाच एका दुपारी, छोले सोलता सोलता त्यांनी विचारलं.

"तो काहून नाई बसत वं माह्यासंग?"

मी कांदा परतत होते. परतत राहिले.

"मले मालूम हाय, खात नाई तो. मंग नको खाऊ. पण बसाले काय होते?"

नवऱ्याने मला कधी 'सांगू नको' म्हटलं नव्हतं. त्याने आपण होऊन सांगावं असं मला वाटायचं, इतकंच. पण समोर एक म्हातारा माणूस अर्ध्या जबड्याने हे विचारत होता. मी शेगडी बंद केली आणि सांगितलं. बोललेला नेम, आणि तेरवीनंतर बागेत बघितलेलं पातेलं.

मामाजींनी हातातला छोला ताटलीत ठेवला.

"दवाखान्याच्या साऱ्या खेपा बागेतल्या त्याच मानसायनं केल्या," ते म्हणाले. "रात्री-बेरात्री गाडी जुंपून त्यायनंच नेलं तिले. तेरवीले बी पोळ्या त्यायच्याच बायकायनं केल्या. मी काय देऊ त्यायले? मले दुसरं येते काय?"

मग थोड्या वेळाने: "मले सांगतलं असतं त्यानं, तं नसतं केलं मी. कधीच नसतं केलं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. रविवारी सकाळी मी खिमा आणायला निघाले तर त्यांनी हाताने थांबवलं. "आज नको. नुसते छोलेच कर. बिनतिखटाचे त्याले बी चालतील."

दुपारी ते भिंतीला धरत धरत आले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ताटात. मी दोघांनाही एकाच कढईतून वाढलं.

"खिमा नाही?" त्याने विचारलं.

"नको म्हणाले," मी सांगितलं.

तो बसून राहिला. उठून आत जाईल असं मला क्षणभर वाटलं. मग त्याने पोळीचा तुकडा मोडला. मामाजी चमच्याने टोकाटोकाने खात होते. थोडं ओठाच्या कोपऱ्यातून खाली सांडलं, त्या बाजूला त्यांना संवेदनाच नव्हती. मी उठायच्या आधी नवऱ्याने नॅपकिन घेतला आणि त्यांची हनुवटी पुसली. मामाजी काहीतरी म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"म्हणताहेत, तुझ्या आईला छोले आवडत नव्हते."

"गॅस धरतो म्हणायची," नवरा म्हणाला, आणि हसला. मामाजींच्याही खांद्यांना हसू आलेलं दिसलं.

मला वाटत होतं, आता कोणीतरी बोलेल. नेमाचं, पातेल्याचं, इतक्या वर्षांचं. कोणी बोललं नाही. 'मीठ बरोबर हाय' एवढं मामाजी म्हणाले आणि ते सांगायला माझी गरज पडली नाही. मी म्हटलं, असू दे, पुढचे रविवार आहेतच.

पुढच्या आठवड्यात मामाजींच्या गळ्यापाशी गाठ लागली. स्कॅन झाला. डॉक्टर नवऱ्याशी बाजूला जाऊन बोलले आणि बोलणं संपेपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. ती गाठ फार वेगाने वाढली. पाणीही ठसका देऊ लागलं तेव्हा नाकातून नळी टाकायचं ठरलं. त्या सकाळी घरी छोले भिजलेले होते. दवाखान्यातून परत आल्यावर नवरा स्वयंपाकघरात गेला, फुगलेले छोले त्याने कुकरला लावले, आणि नुसतं मीठ घालून आम्ही दोघांनी ते खाल्ले. सालं कोणी काढली नाहीत.

शेवटचे दिवस धंतोलीतल्या दवाखान्यातच गेले. दुपारी मी, संध्याकाळनंतर नवरा. एका संध्याकाळी मी घरी निघून गेल्यावर मामाजींनी नवऱ्याला जवळ बोलावलं. त्याचा हात धरून काहीतरी सांगितलं. लांब होतं, तो म्हणतो, एक-दोन शब्द नव्हते. त्याला कळलं नाही. त्याने "काय बाबा?" विचारलं, त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा कळलं नाही. त्यांना दम लागला होता. तिसऱ्यांदा विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने मान हलवली, "हो बाबा, हो," म्हणाला. मामाजींनी हात सोडला आणि डोळे मिटले. त्यांना वाटलं असणार, पोराला कळलं.

त्याने मला फोन लावून स्पीकरवर ठेवला असता तर मी ऐकून सांगितलं असतं, असं मला फार नंतर सुचलं. त्यालाही तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मामाजी गुंगीत होते आणि नंतर ते कोणाशीच बोलले नाहीत.

बाग आता आम्ही तिथल्याच एका जुन्या गड्याला करायला दिली आहे. नवरा सुट्टीच्या दिवशी बसने जातो, झाडांना पाण्याची आळी केली का बघतो, परत येतो. कधीकधी गाडीची वाट बघताना तिथूनच मला फोन करतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतो, "अगं, शेवटी 'आ' सारखं काहीतरी होतं. आणि मधे 'तिले' की 'तुले'. काय म्हणत असतील?"

मी त्याला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावते, जसं ऐकलं तसं. तो तोंड वाकडं करून त्या आवाजात म्हणून दाखवतो. मी डोळे मिटून ऐकते. दोन-तीनदा वाटलंही, की कळलं. पण खात्रीने सांगण्यासारखं काही नाही, आणि खोटं मी सांगत नाही. मग त्याची बस येते.