बारा अंशांची धार

मावशींच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस राहिलेला नव्हता. भाऊ आणि वहिनी वर्षातून एकदा, तेही दोन दिवसांसाठी येत. पण वहिनींच्या नजरेतून असं काही सुटणं शक्यच नव्हतं.

"वन्सं, हाताला काय झालं? भाजलं का?"

"छे. सुरीला धार आली की नाही ते बघते. केस अलगद निघाला की समजायचं, झालं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होता, आणि त्या वर्तमानपत्राचाही एक कोपरा पट्ट्यापट्ट्यांनी कापलेला होता. धार बघायची ती दुसरी रीत.

"या वयात बायका विणकाम करतात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सुऱ्या परजता. आज झोपताना आतून कडी लावू ना आम्ही?"

"लावा की. जरा घट्ट आहे ती, थोडं तेल सोडा म्हणजे बसेल."

भाऊ पेपरामागे हसला. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं निघाली तेव्हा मात्र वहिनींच्या पिशवीत घरून मुद्दाम आणलेल्या दोन सुऱ्या होत्या, धार लावून, कागदात गुंडाळून. म्हणजे नाद त्यांना आधीच माहीत होता. चेष्टा आपली करायची म्हणून केली.

हा नाद आई गेल्यानंतरचा. मावशींनी सारी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर काढली आणि नोकरी संपली तशी आईची दुखणी काढली. शेवटी शेवटी आईला सगळं मऊ शिजवून, गाळून द्यावं लागे. घरातल्या सुरीला काही कामच नव्हतं. आई गेल्यावर एके दिवशी मावशी स्वतःपुरता टोमॅटो चिरायला बसल्या, तर सुरी सालीवरून घसरली. जोर दिला तसा टोमॅटो खाली बसला आणि बिया अंगावर उडाल्या. मावशी तशाच उभ्या राहिल्या. घरात हसायला कुणी नव्हतं आणि रागवायलाही कुणी नव्हतं. साडी पुसली आणि त्या भांड्यांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने खाचेत सुरी घालून ओढायचं एक यंत्र दिलं. चार वेळा ओढलं की धार, असं तो म्हणाला. धार आली, पण पात्याचा कीसही पडला. सुरी झिजून काडी व्हायला वेळ लागला नसता. मग विजेवरचं आणलं. ते असं किंचाळायचं की समोरच्या दारातल्या आजोबांनी येऊन विचारलं, दातांचा दवाखाना सुरू केला का. त्यात पातं तापून टोकाला निळं पडलं. मग साधा पाण्यातला दगड आणला. दगड उत्तम होता, पण हात एका कोनात राहीना. एक ओढ उभी पडे, दुसरी आडवी. पार्सलच्या काट्यावर इतकी वर्षं ग्रॅमाचा हिशेब ठेवलेल्या बाईला असलं अंदाजपंचे काम रुचणारं नव्हतं.

शेवटी मिळाला तो दांडीचा संच. खाली लोखंडी पट्टी, तिच्यावर सुरी घट्ट धरणारा चिमटा, शेजारी उभा खांब. खांबावर वरखाली सरकणारी कडी आणि तिच्यातून ओवलेली दांडी, दांडीला दगड. कडी वर घ्या, धार जाड आणि टिकाऊ. खाली घ्या, धार पातळ. खांबावर अंश कोरलेले. एकदा कडी आवळली की हात थरथरला तरी कोन हलत नाही. दगड पुढेमागे न्यायचा, पात्याच्या मागच्या अंगाला बोटाला खरखर लागली की सुरी उलटायची, मग बारीक दगड, शेवटी चामड्याच्या पट्टीवर दोन हात. मावशींना वाटलं, आपल्यासाठीच कुणीतरी बसून हे केलंय.

घरात सुऱ्या तीन. त्यांना धार लावून झाल्यावर पुढे काय? समोरच्या आजोबांची सुरी मागून आणली. त्यांनी खालच्या शिंपिणीला सांगितलं, तिने आणखी कुणाला. बघता बघता साऱ्या इमारतीत त्या धारवाल्या मावशी झाल्या. घंटा वाजे. कुणीतरी सुरी कागदात गुंडाळून दारात उभं असे. "सावकाश द्या हं मावशी, घाई नाही." मावशी म्हणत, "बसा ना, आत्ता करून देते." आणि माणसं बसत. दगड फिरत असे तोवर बोलत. चहा होई. धार झाली की सगळे उठत.

सुरुवातीला त्यांनी संचासोबत आलेल्या पुस्तिकेत वाचून कडी बरीच खाली ठेवली होती. धार अशी पातळ आली की शिंपीण ओरडली, "अगं बाई, कांदा चिरला तर कांद्यालाच कळलं नाही!" पण पातळ धार लवकर मुडपते. आठवड्या-दोन आठवड्यांत साऱ्या सुऱ्या परत आल्या. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा सगळं वाचून काढलं, कडी बावीस अंशांवर नेली आणि एकेक सुरी नीट करून दिली.

काम इतकं चोख झालं की नंतर कुणी आलंच नाही.

जिन्यात भेटले की लोक म्हणत, "मावशी, धार अजून जशीच्या तशी हं!" आणि पुढे जात. मावशी घरी येऊन संच पुसून ठेवत. दुपारचं घर इतकं गप्प असे की शेजारच्यांचा कुकर आपल्याच ओट्यावर शिटी देतोय असं वाटे.

त्याच सुमाराला तिसऱ्या मजल्यावरची केकवाली आली. तरणी, बोलघेवडी बाई. नवरा बोटीवर, घरी यायचा तो कधीमधी. घरातच केक करून विकायची. सुरी मावशींच्या हातात देऊन ती दारापासूनच सुरू झाली.

"मावशी, कालची गंमत ऐका. एकीने फोन केला, केकवर लिहा 'चुकले, माफ कर'. मी म्हटलं, नाव कुणाचं घालू? तर म्हणते, नाव नको, मोकळं ठेवा, पुढच्या वेळी तो लिहील!"

मावशी इतक्या हसल्या की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. ती बसली, चहा प्यायली, आणखी एक चहा प्यायली. मावशींनी सुरी चिमट्यात धरली, कडीचा स्क्रू सैल केला. बावीसवर आवळायला हात गेला आणि थांबला. बावीसवर आवळली तर ही आता चार महिने दिसणार नाही.

त्यांनी कडी बारावर आणली.

केकवाली पुढच्याच आठवड्यात आली. "काय करता हो तुम्ही या सुरीला! लोण्यातून गेल्यासारखी जाते. पण माझाच हात वाईट, लगेच घालवते धार." मावशी म्हणाल्या, "असू दे गं, मी आहे ना." आणि चहा टाकला.

तेव्हापासून साऱ्या इमारतीच्या सुऱ्यांना बावीस आणि केकवालीच्या सुरीला बारा. ती यायची त्या दिवशी मावशी सकाळीच गादीवरची चादर बदलत. ती नवऱ्याचं सांगे, गिऱ्हाइकांचं सांगे, आणि कधी नुसतीच पाय वर घेऊन बसे. मावशी मुद्दाम सावकाश दगड फिरवत.

एकदा ती तिच्या दिवसाआधीच आली. घंटा वाजवण्याची पद्धतही वेगळी. दार उघडलं तर कोपरापर्यंत हात चॉकलेटने माखलेले. सुरी तिने टेबलावर ठेवली आणि बोट लावून दाखवलं. धारेला नखाएवढा चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेला होता.

"चॉकलेटची लादी फोडत होते. कडक होती. सगळं वितळवून झालं आणि मग सुरीकडे लक्ष गेलं. तो तुकडा कुठे गेला, देव जाणे. चाळलं, गाळलं, मिळाला नाही. शेवटी सगळं पातेलं ओतून दिलं. एका लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक होता हो. तिच्या आईला मी काय सांगू? आणि पोटात गेला असता कुणाच्या तर?"

मावशी खुर्चीत बसल्या.

"सुरीच हलकी असणार," केकवाली म्हणाली. "नाहीतर माझंच काहीतरी चुकतं. माझी आई म्हणायचीच, तुझा हात दांडगा. ही टाकून देते आता. तुम्ही सांगा, कुठली घेऊ?"

काहीही सांगता आलं असतं. दुकानाचं नाव सांगायचं, हलकी सुरी म्हणायचं, ती विश्वास ठेवून गेली असती. नव्या सुरीलाही धार लागलीच असती.

"टाकू नकोस," मावशी म्हणाल्या. "सुरी चांगली आहे. तुझा हातही चांगला आहे. मी धार फार पातळ लावत होते."

"चुकून?"

"नाही."

केकवालीने सुरीवरचं बोट काढून घेतलं.

"जाड लावली की चार-चार महिने टिकते. सगळ्यांना तशीच लावून देते मी. तुला पातळ लावत होते. म्हणजे लवकर जाईल, आणि तू येशील."

बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. तो आवाज पार वरच्या मजल्यावर जाऊन दार लागेपर्यंत दोघी ऐकत होत्या.

"मला वाटत होतं, माझाच हात वाईट," केकवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच अवघड होतं. "मावशी, मी इतके दिवस स्वतःला नावं ठेवत होते."

"हो. मला कळायला हवं होतं."

मावशींनी सुरी चिमट्यात धरली. खरखरीत दगडाने तुकडा उडालेली जागा झिजवून सारी धार खाली, एका रेषेत आणायला बराच वेळ लागला. मग कडी वर नेली, बावीसवर, आणि स्क्रू असा आवळला की बोट पांढरं पडलं. केकवाली बसली नाही. चहा विचारायचं मावशींना धाडस झालं नाही. सुरी घेऊन ती दारात म्हणाली, "येते." ते नुसतं म्हणायचं म्हणून.

ती आली नाही. येणार नव्हतीच, तशी सोय मावशींनीच करून दिली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी सवयीने चादर बदलली. दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला.

"वन्सं, तुमच्या सुऱ्या अजून कापतायत हं. बरं, तब्येत बरी ना? आवाज असा का?"

"कुणाशी बोलले नाही ना सकाळपासून, म्हणून."

"अहो, मग जावं ना कुणाकडे! इमारतभर माणसं आहेत."

"काय काम काढून जाऊ?"

"अगं बाई, काम कशाला लागतं?" वहिनी म्हणाल्या आणि तिकडे दुधाकडे धावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी जिना चढल्या. हातात काही घेतलं नव्हतं. घ्यायला एक वाटी, एक पिशवी, काहीतरी सापडलं असतं, पण ते त्यांनी घेतलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दम खाऊन घंटा वाजवली. आतून भाजक्या साखरेचा वास येत होता.

केकवालीने दार उघडलं. गालावर पीठ, खांद्यावर फडकं.

"मावशी? काय काम होतं?"

"काम काही नाही."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"बसायला आले होते," मावशी म्हणाल्या. "तुला चालत असेल तर."

केकवालीने मागे ओव्हनकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मला बोलायला वेळ नाहीये हं आज. चार केक द्यायचेत."

"नको बोलूस."

तिने दार आणखी उघडलं. मग बाजूला झाली. "त्या स्टुलावर बसा. फडकं काढा त्याच्यावरचं."

मावशी बसल्या. केकवाली पाठमोरी बदाम कापत होती. सुरी फळीवर एका लयीत पडत होती. ती खरंच बोलली नाही. कुठे बघावं ते मावशींना कळेना, हात कुठे ठेवावे तेही कळेना. पोस्टाच्या खिडकीवर माणूस यायचा, काम व्हायचं, माणूस जायचा. इथून उठायचं केव्हा?

"ताटलीत तुकडे आहेत कडेचे," मागे न बघता केकवाली म्हणाली. "घ्या."

मावशींनी एक घेतला आणि अगदी सावकाश खायला लागल्या.