नव्या माणसाला स्टेबलच

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो होतो. "हे गेले, भावजी," मंगलावहिनी एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागून हॉर्न वाजत होते, पण गाडी पुढे घ्यायचं मला सुचत नव्हतं...

अविनाश माझा कॉलेजपासूनचा मित्र. सातपूरच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या जुन्या मशीनवर मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्यायचा. तेव्हा त्याला नव्याचा फार सोस होता. अजून चाचणीत असलेली, कच्ची आवृत्ती आली की आधी स्वतःच्या मशीनवर टाकायचा, मग भेटेल त्याच्या. हरसूलच्या गावित गुरुजींनाही त्यानं तीच दिली. गुरुजी निवृत्त झालेले, कॉम्प्युटरला अगदी नवखे. वारलेल्या बायकोच्या आवाजातली लग्नाची गाणी त्यांनी त्यात साठवली होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. एका अपडेटनंतर मशीन सुरूच होईना. डिस्कवरचं सगळं विस्कटलं होतं. अविनाश रजा काढून तिच्यापुढे बसला, मग ती पुण्याला एका जाणकाराकडे पाठवली. काहीच हाती लागलं नाही. डिस्क परत द्यायला आम्ही दोघं गेलो. गुरुजींनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"तुम्ही नवीन हाय म्हणाला, म्हणून मी हो म्हणलो," ते म्हणाले. "मला काय कळतं त्यातलं."

आवाजात राग नव्हता. परतताना अविनाशनं वाटेत गाडी थांबवली आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला.

त्यानंतर नव्या माणसाला तो स्टेबलखेरीज, म्हणजे पुरती तपासून झालेल्या आवृत्तीखेरीज काही घेऊच द्यायचा नाही. शहरातल्या हौशी मंडळींच्या बैठकीत यावरून वाद व्हायचे. त्याला भित्रा म्हणाले, मग बोलावणंच बंद झालं. जरा सैल सोड, असं मीही एकदा म्हणालो.

"काय बिघडू शकतं ते आपल्याला माहीत असतं," तो म्हणाला. "त्यांना नसतं. ते आपल्या शब्दावर हो म्हणतात."

पुढे गुरुजी वारले. अविनाश हरसूलला गेला, पण दारापर्यंत जाऊन घरच्यांना न भेटताच परतला, हे वहिनींनी मला आत्ता सांगितलं.

परवा त्यांच्या घरी बसलो असताना अविनाशचा फोन वाजला आणि वहिनींनी तो उचलला. देवळ्याहून कुणी बाई बोलत होत्या. मुलीसाठी जुना लॅपटॉप घेतला होता, त्यावर नवीन आलेली आवृत्ती टाकू का, असं विचारत होत्या. वहिनींना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही.

"स्टेबल टाका," त्या सावकाश म्हणाल्या. "नवी एवढ्यात नको."

मग बाईंनी अविनाशला फोन द्यायला सांगितलं.

"बाहेर गेलेत ते," त्या म्हणाल्या, आणि फोन त्याच्या टेबलावर चार्जिंगला लावून ठेवला.